सोफेवाल्याचा क्रेफिश

सोफेवाल्याला एक खोड होती, आणि ती त्याची त्याला चांगली ठाऊक होती. समोरच्यानं कशाचंही नाव काढलं की याच्या तोंडून "अहो, ते काय अवघड आहे?" हे बाहेर पडायचंच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. याच वाक्यापायी तो एकदा शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत अडकून बसला होता, आणि एकदा त्यानं बायकोच्या मावशीचे केस कापले होते. मावशी अजून बोलत नाही. "माझं डोकं फोमचं आहे," तो स्वतःच सांगायचा. "दाबलं की बसतं, सोडलं की पुन्हा जसंच्या तसं."

आता ही खोड शेजारीपाजारी चालते, सोयऱ्यांत चालत नाही. आणि याचे व्याही तर मोजून मापून बोलणारे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, शब्दसुद्धा स्क्रूसारखा जपून वापरायचा. त्यांना नाद एकच. गावाबाहेरच्या उथळ, कोमट पाण्याच्या तळ्यावर गळाची काठी घेऊन उभं राहायचं आणि बास नावाचा मासा धरायचा. त्यासाठी जिवंत आमिष लावायचं नाही. गळावर दोरा, केस, तार गुंडाळून खोटा किडा बांधायचा. त्याला ते फ्लाय म्हणायचे. त्यांचा लाडका फ्लाय क्रेफिशचा. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला झिंगाच म्हणा, फक्त पुढे खेकड्यासारख्या दोन दणकट नांग्या. व्याही तो असा बांधायचे की बासला काय, क्रेफिशच्या आईलाही फरक कळू नये.

थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीभ वाचली, पाय सावरले, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवला तिथे. उन्हाळा आला, तळं तापलं, डॉक्टर म्हणाले जा, डाव्या हातानं टाका काठी. व्याही खिडकीजवळच्या खुर्चीतून हलले नाहीत. दुकानातला फ्लाय ते लावणार नाहीत आणि स्वतःला बांधता येत नाही. शेवटी त्यांनी मासेमारी क्लबच्या सेक्रेटरीला निरोप धाडला: रविवारी या, सगळ्या काठ्या घेऊन जा.

सोफेवाला मुलीला भेटायला म्हणून तिथे गेला होता. स्वयंपाकघरात विहीणबाईंनी त्याला हळूच सांगितलं, "काठ्या गेल्या ना, की हे त्या खुर्चीतून पुन्हा उठायचे नाहीत." आणि त्यांनी घाईघाईनं डोळे पुसले.

 सोफेवाला तडक बाहेरच्या खोलीत गेला आणि व्याह्यांसमोर उभा राहिला. "अहो, ते काय अवघड आहे? फ्लाय मी बांधतो. रविवारी सकाळी आणून देतो."

लिफ्ट अडकल्यावर एखादा शहाणा सगळी बटणं दाबत सुटतो, त्याच्याकडे पाहावं तसं व्याह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. 

आपल्या दुकानात येऊन गळ हातात घेतला तेव्हा सोफेवाल्याला घाम फुटला. याची सुई बोटाएवढी, याचा दोरा गादी पेलणारा, आणि गळ म्हणजे कापून पडलेलं नख. व्याह्यांना विचारावं तर नाक खाली होतं. मग त्यानं अभ्यास करायचं ठरवलं. शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात एका टाकीत क्रेफिश होता. त्याच्यासमोर हा ठाण मांडून बसला. क्रेफिश नांग्या पुढे करून तळाशी संथ फिरत होता, जेवणानंतर शतपावली करावी तसा. दुकानदारानं विचारलं, "घेणार आहात का?" सोफेवाला म्हणाला, "नाही, नुसतं बघतोय." दुकानदारानं त्याच्यावरची नजर नंतर काढली नाही.

मग तो कामाला लागला. गळ छोट्या शेगड्यात, म्हणजे टेबलावर ठेवायच्या लोखंडी पकडीत, आवळून बसवला. बुडायला वजन हवं म्हणून मोडक्या टेबललॅम्पची तांब्याची तार गुंडाळली. एका जुन्या स्टुलाची तपकिरी फर अंगाला, बदामी रेक्झिनच्या दोन नांग्या, उशीच्या झालरीचे दोरे पायांना, टाचण्यांची काळी डोकी डोळ्यांना. पहिला नमुना बघून बायकोनं चहाचा कप खाली ठेवला.

"उंदीर आहे का?"

"क्रेफिश आहे."

"मेलेला?"

सोफेवाल्यानं तो केराच्या टोपलीत टाकला. पण पुढचे बरे होत गेले, आणि शेवटचा तर त्याचा त्यालाच आवडला. दोरी बांधायचं गळाचं नाकं जिकडे, तिकडेच त्यानं नांग्या आणि डोळे बसवले होते. साधा हिशोब: ओढणारा जिकडे, तोंड तिकडे. मोटारीचं तोंड कधी मागे असतं का?

रविवारी सकाळी त्यानं डबी व्याह्यांच्या डाव्या हातात ठेवली. व्याह्यांनी क्रेफिश तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला.

"छान आहे," ते म्हणाले आणि डबी खिडकीत ठेवून दिली.

 गिऱ्हाइकाचा सोफा दुरुस्तीपलीकडे गेला असला की सोफेवाला स्वतः हेच दोन शब्द बोलायचा.

"पाण्यात तर बघा," तो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण करायची त्याला सवयच होती. विहीणबाईंनी न्हाणीघरातला टब भरला, यानं फ्लायला दोरा बांधला आणि ओढला. रेक्झिनच्या नांग्या पाण्यानं फाकल्या आणि क्रेफिश गरागरा फिरत पुढे येऊ लागला. विहीणबाईंना एकदम खोकला आला.

"हा कुठे निघालाय?" व्याह्यांनी विचारलं.

"पुढे."

"घाबरलेला क्रेफिश पुढे जातो?"

"डोळ्यांनी पाहिलाय मी. टाकीत पुढेच चालत होता."

"टाकीत त्याला कोण खाणार होतं? तुम्ही?" व्याही टबाच्या काठावर वाकले. "अहो, मासा दिसला की तो शेपटीचा झटका देऊन मागे पळतो. तोंड माशाकडे, नांग्या उगारलेल्या, आणि पळ मागे. म्हणून दोरी शेपटीला. तुम्ही अख्खा उलटा बांधलाय. हा माशाला पाठ दाखवून फिरायला निघालाय. कुठला बास धरेल याला?"

थंडीपासून ते एका दमात एवढं बोलले नव्हते. सोफेवाला मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे मी सोफ्याच्या पाठीकडून बसायची सोय केली म्हणा की."

"शेगडा आणलाय?"

पिशवीत होता. व्याह्यांनी डाव्या हातानं आपली खुर्ची खिडकीपासून ओढत टेबलाशी आणली. विहीणबाई ते बघून आत निघून गेल्या.

मग पुढे काय विचारता. "नांग्या गळाच्या वाकाकडे. डोळे तिकडेच. दोरा ताणा. एवढा नाही, गादी शिवताय का? पाय आखूड करा, गोम नाहीये ती." शेवटी नाक्यापाशी एक गाठ मारायची होती, दोरा स्वतःवरच गुंडाळून आत ओढायची. पहिल्यांदा दोरा तुटला. दुसऱ्यांदाही तुटला. "तुम्ही सोफे शिवता की फाडता?" व्याही म्हणाले. उभा जन्म गाठी मारण्यात घालवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. त्यानं ओठ आवळले, पुन्हा दोरा गुंडाळला, ओढला, आणि गाठ बसली. घट्ट, गोल, मोहरीएवढी. अशी गाठ त्यानं आयुष्यात मारली नव्हती.

फ्लाय शेगड्यातून काढून तो व्याह्यांना दाखवणार, तेवढ्यात बेल वाजली. विहीणबाईंनी दार उघडलं. क्लबचा सेक्रेटरी मोठी लांब पिशवी घेऊन उभा होता. "काठ्या न्यायला आलो."

व्याह्यांनी कोपऱ्यातल्या काठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज नाही. आमच्या व्याह्यांना साधी शेवटची गाठ मारता येत नाही अजून. शिकवावी लागेल, मग बघू."

सेक्रेटरी सोफेवाल्याकडे बघतच राहिला. "यांना गाठ येत नाही? आमच्या हॉलमधला सोफा यांनीच शिवलाय की."

झालं. ते नेहमीचं वाक्य सोफेवाल्याच्या ओठांपर्यंत आलं. गाठ मुठीत तयार होती. नुसता हात उघडायचा, आणि सगळ्यांसमोर नाक वर. जन्मात एवढी आयती संधी मिळाली नव्हती. त्यानं मूठ आवळली. गळ तळहातात रुतला.

"नाही येत हो," तो म्हणाला. "हात जड आहे माझा. डोकंही फोमचं. उन्हाळा जाईल शिकण्यात."

सेक्रेटरी रिकामी पिशवी घेऊन गेला. दार लागलं.

"चला," व्याही म्हणाले. "नवा गळ लावा."

सोफेवाल्यानं उजवी मूठ तशीच खिशात घातली आणि तो डाव्या हातानं गळ शेगड्यात पकडायला गेला. गळ दोनदा निसटला, तिसऱ्यांदा टेबलाखाली गेला.

"डाव्या हातानं असं धरतात होय?" व्याही म्हणाले. "सरका बाजूला." आणि त्यांनी स्वतःच नवा गळ चिमटीत उचलला, शेगड्यात बसवला आणि डाव्या हातानंच त्यावर दोऱ्याचा पहिला वेढा घातला.