खुंटीवरचे कोरे बूट

दगडूनं पिशवीतून कॅनव्हासचे बूट काढून काउंटरवर ठेवले. मी एक उचलून उलटा केला. रबराच्या तळाला धुळीचा कणही नव्हता.

"यात किती दिवस पळलात?" मी विचारलं.

"पळतोय कशाला? उद्याच्याला कोरं पायजेत म्हणून खुंटीला टांगून ठिवलेत. बायकूला बी हात लावू दिला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पोलीस भरती होती. मैलभर पळायचं, तेही ठरल्या वेळेत. वयाच्या अटीत बसण्याचं त्याचं ते शेवटचं वर्ष.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. उस्मानाबादच्या बाजारात मी बुटांच्या दुकानात सेल्समन होतो, गल्ल्यावर मालक वामनशेठ. तीन आठवड्यांपूर्वी दगडू बेंबळीहून सासऱ्यांना घेऊन आला होता. बूट सासरे घेऊन देणार, त्यामुळे निवडणारही तेच.

"जाड चामड्याचं काढा," सासरे म्हणाले. "गडी शिपाई दिसला पायजे."

शेठनी लगेच सगळ्यात महाग जोड काढायला लावला. मी दगडूला उभं केलं. पायाचं माप उभ्यानंच घ्यायचं असतं. अंगाचा भार पडला की पाय पसरतो, बसल्यावर ते कळत नाही. दगडूचा तर चांगलाच पसरला. जन्मभर ढेकळांत वावरलेला पाय, बोटं एकमेकांशी भांडल्यासारखी लांब लांब. चामड्याच्या बुटात करंगळी चेंगरली. मग मी कॅनव्हासचे काढले. हलके, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा राहील एवढे मोठे. पळताना पाय पुढं सरकतो, त्यासाठी ती जागा.

"ढिल्लं वाटतंय की ओ," सासरे म्हणाले.

"मामा, पळायला हेच बरे."

शेठनी मला कोपऱ्यात घेतलं. "गिऱ्हाईक महाग मागतंय अन् तू स्वस्तातलं गळ्यात घालतोस?"

"शेठ, भरतीत जावई लंगडला तर सासरे आपल्याच दारात येतील."

शेठ गल्ल्यावर परत गेले. बुटातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

आणि आता माझं ते शहाणपण काउंटरवर कोरं करकरीत उभं होतं. नवा कॅनव्हास ताठ असतो. आठ-दहा दिवस वापरून तो मऊ करावा लागतो, नाहीतर टाच सोलून निघते. नेमकं तेवढंच मी सांगितलं नव्हतं. त्याला तरी काय दोष द्यायचा? आमच्याकडं नव्या धोतराचीसुद्धा सणापर्यंत घडी मोडत नाहीत.

"मग सराव कशात केला?"

"अनवाणीच. रोज सकाळी गाडीवाटंनं. आजवर पाय दुखला न्हाय."

मी त्याचा तळवा दाबून पाहिला. आमच्या दुकानातला एकही तळ इतका टणक नव्हता.

"मग उद्याही अनवाणीच पळा."

"आन् ह्ये बूट?"

"पिशवीत ठेवा."

"सासरं काय म्हणतील?"

"माझं नाव सांगा."

गल्ल्यावरून शेठ ओरडले, "अरे दिगंबर, बुटाच्या दुकानात उभा राहून अनवाणी पळा म्हणतोस? दुकानाची इज्जत ठेव जरा!"

दुसऱ्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. दोन गिऱ्हाइकांना चुकीचे नंबर काढून दिले. पोराचं वर्ष गेलं तर ते माझ्या तोंडामुळं, हेच डोक्यात घोळत होतं. दुपारी सासरे आले, चेहरा कडक.

"समद्या मैदानात बिनबुटाचा माझाच जावई," ते म्हणाले. "लई लाज वाटली मला."

"मामा, पण निकाल?"

"पास झाला! तिसरा आला तिसरा!"

मागून दगडू आला, हसत आणि लंगडत. मैदानातून निघताना त्यानं ऐटीत नवे बूट चढवले होते. दुकानापर्यंत येईतो दोन्ही टाचा सोलल्या होत्या.

सासऱ्यांनी त्या टाचांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. धोतर सावरून ते उभे राहिले आणि पाय पुढं केला.

"आता मला दाखवा. चामड्याचं. आन् माप उभ्यानंच घ्या."

शेठ लगबगीनं गल्ल्यावरून उठले आणि खोकी स्वतः काढायला लागले.

त्यानंतर पळायचे बूट मागणाऱ्याला मी माप घेण्याआधी विचारायचो, आजवर कशात पळत होतात? आणि बूट बांधून देताना बजावायचो, उद्यापासूनच घाला. खुंटीला टांगून बूट मऊ होत नाहीत.