आमची सुमन

झाशीच्या सदर बाजारात भाजी घेताना हे गृहस्थ मला हटकून गाठत. एका कंपनीतून निवृत्त झालेले, आणि बोलताना समोरच्याच्या नाकापुढे बोट नाचवणारे. मासिकात माझी कादंबरी क्रमशः येत होती. तिच्यातली नवऱ्याचं घर सोडणारी सुमन जणू यांच्याच घरची लेक होती.

"ताईजी, आमच्या सुमनला परत पाठवा. वाचकांचा हक्क असतो."

"ती माझी सुमन आहे," मी म्हणायची.

"जन्म तुम्ही दिलात, पण मोठी आम्ही केली!"

सुमन परत गेली नाही. तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात या महाशयांनी मला न विचारता स्वतः रचलेला शेवट माईकवरून वाचला. सुमन नवऱ्याच्या पाया पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. घर सोडण्याची ती सगळी हकीकत तिची होती, तिला विचारूनच मी लिहिलेली. ती उभी राहिली.

"काका, मी परत गेले नाही. जाणारही नाही."

टाळ्या थांबल्या. गृहस्थांनी शांतपणे चष्मा पुसला आणि ते मला म्हणाले, "ताईजी, बहिणीला समजावा जरा. गोष्टच तर आहे!"