बोटकाकांनी पाहिलेली बाग

बोटकाका कुणाच्याही अंगणात आले, की माणसांच्या आधी झाडांकडे बघत. झाडाचं नाव कधी विचारत नसत. "हे कुठून आलं?" एवढंच विचारत. पेरू कुठून आला, चिकू कुठून आला, दारातली मिरची कुठून आली. आम्हाला उत्तर येत नसे. मग तेच सांगत, "बोटीनं आलंय, बोटीनं. आमच्यासारखंच उलट्या करीत."

रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला, माझ्या शाळेच्या वाटेवर त्यांचं घर होतं. तीस वर्षं त्यांनी मालवाहू बोटींवर खलाशाचं काम केलं होतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. ते मला 'बाई' म्हणत आणि माझ्याहून वयानं मोठे असूनही मी वाटेवर दिसले की उठून उभे राहत. मला ते आवडायचं, हे आज कबूल करते.

एवढं जग पाहिलेला माणूस, पण बोलायचा एकाच जागेबद्दल. वेस्ट इंडीजमध्ये सेंट व्हिन्सेंट नावाचं लहानसं बेट आहे, तिथल्या दोनशे वर्षांच्या जुन्या बागेबद्दल. त्यांची बोट तिथे केळी भरायला लागली होती. एक दिवस सुट्टी मिळाली. बाकीचे बाजारात गेले आणि हे चढणीच्या रस्त्यानं चालत बागेत गेले. फाटकाशी यांनी बूट काढले, तर तिथला माळी हसायला लागला. आत मोठ्या झाडांना पाट्या होत्या, पाटीवर झाडाचं नाव आणि मूळचा देश. काका एकेक अक्षर लावत हिंदुस्थान शोधत फिरले. एका आंब्यापाशी तो सापडला. त्याच्या बुंध्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं म्हणे, "काय रे, बरा हायस ना?" पुढे नीरफणस दिसला, आपण ज्याचे काप तळतो तोच. त्याची हकीकत माळ्यानं त्यांना अर्धी इंग्रजीत, अर्धी हातवाऱ्यांनी सांगितली.

एक्याऐंशी साली शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम होता. पाहुणे म्हणून बोटकाकांना बोलवावं, असं मीच सुचवलं. ते इस्त्रीचा सदरा घालून, दाढी करून, अर्धा तास आधीच आले. समोर सातवीच्या मुली. आंब्याच्या तब्येतीची चौकशी ऐकून मुली खूश झाल्या. मग नीरफणस आला.

"एका गोऱ्या कप्तानानं लांबच्या बेटांवरनं ही रोपं भरलन. बोटीवर पाणी थोडं. ते रोपांना, नि खलाशी तहानलेले. पयल्या खेपेला खलाशी बिथरले. कप्तानाला होडीत बसवून सोडून दिलनी, नि रोपं दर्यात टाकलनी. दुसऱ्या खेपेला रोपं पोचली. पण खलाशी झारीचे थेंब चाटीत होते."

तास संपत आला होता. मोठ्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. त्यातून मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, असं काही घडलं असतं तर ते मला माहीत असतं, असं मी धरून चालले. मी उठले आणि म्हटलं, "मुलींनो, काकांची गोष्ट मोठी गमतीची आहे. मात्र पेपरात लिहू नका हं."

सगळ्या हसल्या. काकाही हसले. ते पुढे काहीतरी सांगणार होते, पण खाली बसले. काय सांगणार होते ते मला कधीच कळलं नाही.

त्यानंतर मुली येताजाता त्यांना चिडवू लागल्या. काका, रोपांना पाणी घातलंत का? काका, आज कप्तान कुठे सोडला? ते हात हलवत. पण हळूहळू त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. आमच्या अंगणात आले तरी झाडांबद्दल विचारेनासे झाले.

दोन वर्षांनी शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं मोजताना समुद्रप्रवासांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक हाती लागलं. कपाटापाशी उभ्यानंच वाचलं. कप्तान, होडी, दर्यात टाकलेली रोपं, झारीचे थेंब, सगळं त्यात होतं. काकांनी एक शब्द वाढवून सांगितला नव्हता. मी पुस्तक त्याच्या क्रमांकावर परत ठेवलं आणि उद्या सांगू म्हटलं. मग परीक्षा आल्या, निकाल आले. खरं तर वेळ भरपूर होता. मी शाळेत जायची वाट बदलली. मागच्या गल्लीनं जाऊ लागले. असं किती दिवस, तर काका तब्येतीमुळे मालगुंडला पुतण्याकडे राहायला गेले तोवर.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात अखेर ते पुस्तक घेऊन मी मालगुंडच्या एस.टी.त बसले. काका पडवीत खाटेवर होते, फार वाळले होते. मला बघून उठू लागले, मी उठू दिलं नाही. पुस्तक उघडून एकेक वाक्य मराठीत सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, काका, माझं चुकलं, तुमचं सगळं खरं होतं.

"बाई, मी तिथं उभा होतो," ते म्हणाले. "मला कशाला वाचून दाखवताय? त्या पोरींना सांगितलंत?"

त्या मुली दहावी होऊन पांगल्या होत्या. कुणी मुंबईला, कुणी सासरी. मी तसं म्हटलं. त्यांनी "हां" केलं आणि पुतण्याच्या बायकोला माझ्यासाठी कोकम सरबत करायला सांगितलं. एस.टी.च्या वेळेपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते गेले.

मुलांनो, त्या वर्गातल्या एकाच मुलीचा पत्ता आज माझ्याकडे आहे. ती दुसऱ्या बाकावर बसायची आणि त्या दिवशी तीही हसली होती. दर रविवारी आम्ही फोनवर बोलतो, पण ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. तुम्हाला मराठी भरभर वाचता येत नाही, म्हणजे हे पत्रही तीच, तुमची आई, तुम्हाला वाचून दाखवत असणार.

नंदा, बोटकाका खरं सांगत होते. खोटं मी पाडलं त्यांना.