देव्हाऱ्यातला सिंह

पंढरीनाथ तरे ऐंशी ओलांडून बसले होते, पण बापाचं नाव निघालं की अजून चहाचा कप बाजूला सारत. लहानपणी अंजूर गावातली पोरं त्यांना ‘पळपुट्याचा पंढरी’ म्हणत. पंढरी पोटात असताना बाप सावळाराम घरातून निघून गेला आणि पोर चालतं-बोलतं झाल्यावर एका दुपारी येऊन ओटीवर बसला. कुठे होतास विचारलं, तर ‘कामाला गेलतो’ एवढंच. गावाला एवढ्यावर गप्प बसणं कुठलं जमायला! गावाने त्याला मुंबईत एक बाई लावून दिली. पुढे काही वर्षांत सावळाराम तापाने गेला, ती बाई मात्र गावाच्या तोंडातून गेली नाही.

म्हणून सर्वपित्रीला पंढरीनाथ आईचं, बायजाबाईचं, तेवढं पान वाढायला लावत. बापाचं नाही. त्यांचा मुलगा कुमार दापोड्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, माणूस सरळ. “बाबा, मेलेल्या माणसावर कसला राग?” असं एकदा म्हणाला, तर बाप कित्येक दिवस त्याच्याशी बोलला नाही. त्याने विषय सोडला, पण आज्याचं पान नाही हे त्याला दर वर्षी टोचायचं.

यंदा घट बसायच्या आधी देव उजळायचं ठरलं. देव म्हणजे चांदीच्या पत्र्यावरचे टाक: एकवीरा, खंडोबा, आणि बायजाबाईचा लाडका एक गोल सिंह. सिंहाच्या पायाखाली कसलं तरी दुतोंडी जनावर होतं. तो राक्षस, आणि वरची देवी झिजून गेली, असं बायजाबाई सांगायची. हळद-कुंकवाचे थर इतके, की त्यात हत्ती असता तरी कुणाला कळलं नसतं.

कुमारने ते भिवंडीच्या सराफाकडे नेले. भावेश शेठने टाक चिंचेच्या पाण्यात घासले आणि सिंह उलटा करून भिंगाखाली धरला.

“कुमारभाऊ, ये भगवान नहीं है. चांदीपण नाही. मागे बघ, इंग्रजांचा राजा.”

कुमारला हसूच फुटलं. इतकी वर्षं घरातल्या बायका राजाचं तोंड भिंतीला लावून त्याच्या सिंहापुढे नारळ फोडत होत्या. शेठने मोबाइलवर शोधून तसाच बिल्ला दाखवला. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना दिलेलं पदक. मग त्याने कडेवरची बारीक अक्षरं लावून वाचली: सिपाही सावळाराम नामा.

कुमारचं हसू तिथेच थांबलं. तो स्टुलावर बसला आणि शेठकडून ते नाव पुन्हा वाचून घेतलं.

घरी आला तेव्हा पंढरीनाथ ओटीवर होते. कुमारने पदक त्यांच्या हातावर ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

“वाच.”

कुमारने वाचलं.

“परत वाच.”

मग म्हातारा एकदम उसळला. “मंग बोलाया काय झालतं त्याला? येक शबुद! आयला ठावं व्हतं का न्हाय? मी जलमभर खाली मान घालून फिरलो.” डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. सावळाराम का बोलला नाही, हे आता सांगायला कोणी उरलेलं नाही. कुमारनेही उगाच अंदाज बांधला नाही.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. कुमारच्या बायकोने, रीमाने, नेहमीसारखं आजेसासूचं पान वाढलं.

“आनखी येक वाढ,” सासरे म्हणाले.

रीमाने नवऱ्याकडे पाहिलं आणि दुसरं पान वाढलं. “आनि बाबा, हा सिंह परत देवात ठेवू?”

“न्हाय. देव न्हाय तो.” पंढरीनाथांनी पदक सदऱ्याच्या खिशात टाकलं.

पानं दर वर्षी परसात, कावळ्यासाठी पत्र्यावर ठेवायची. आईचं पान त्यांनी कुमारकडे दिलं. दुसरं स्वतः उचललं आणि पुढल्या दाराने, रस्त्यावर आले. समोर भावकीची माणसं बसली होती, गोदामाकडे निघालेल्या रिक्षा खोळंबल्या होत्या. पंढरीनाथांनी पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं, मान वर केली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, “सिपाही सावळाराम नामा तरे! या, जेवाया या!”