इनामगावच्या वनीकरणातलं अस्वल

भूत, चकवा, लागीर... मी हे सगळं हसण्यावारी नेणारा माणूस. कारेगावात राहतो, कंपनीत क्वालिटीला आहे. जे मोजता येत नाही ते मानत नाही. तरीही हे लिहितोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट. माझं लग्न नवीन होतं, सासुरवाडी इनामगाव. दिवाळीनंतर गेलो, तर सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, कुत्रा मोत्या सकाळपासून गायब. मोत्या कोंबडीलाही वाट देणारा, आणि आप्पांचं कधी ऐकेल तर शपथ. पण आप्पा त्याच्याशिवाय जेवायला बसेनात.

"चला पाव्हणं, वनीकरणात बघू."

गावाबाहेर फॉरेस्टवाल्यांनी लावलेली दाट झाडी आहे. आमच्या भागात लांडगा आहे, उसात बिबट्याही निघतो... पण अस्वल कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

भर दुपारी झाडीत शिरलो आणि मोत्या दिसला. त्याच्या पुढ्यात, जवळजवळ नाकाला नाक लावून — अस्वल. काळंकुट्ट, केसाळ.

"आप्पा, मागं फिरा," मी कुजबुजलो.

"आन् मोत्या?"

"आप्पा, अस्वल आहे ते."

"मला दिसतंय की. पण ह्याला टाकून घरी कसा जाऊ?"

तेवढ्यात अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. मोत्या गुरगुरला, आयुष्यात पहिल्यांदा. आता हा मरतो, असं वाटून आप्पा त्याच्यावर खेकसले, "बस खाली!"

मोत्या बसला. अस्वलही बसलं. आणि खोटं कशाला सांगू, मीही बसलो.

कुणी हलेना. शेवटी आप्पांनी घसा खाकरला. "आता ज्यानं त्यानं आपापल्या वाटंनं जायचं."

मोत्या शेपूट घालून आमच्याकडं आला. अस्वल उठलं आणि झाडीपलीकडच्या कांद्याच्या वावराकडं निघालं. आम्ही उलट दिशेनं जे सुटलो ते थेट घर.

आमचा निरोप मिळून संध्याकाळी फॉरेस्ट गार्ड आला. "काळं कुत्रं बघितलं असंल," म्हणत हसत होता. वावरात पोचल्यावर हसायचा थांबला. नुकतंच पाणी दिलेल्या चिखलात पंजे स्वच्छ उमटले होते. वावराच्या मध्यापर्यंत. तिथून पुढं काही नाही. मागं फिरल्याच्या खुणा नाहीत, बाजूला नाहीत.

"आप्पा, साहेब इचारतील, गेलं कुठं. काय सांगू?"

आप्पांनी टोपी सावरली आणि वर आभाळाकडं बघितलं. गार्डनंही बघितलं. मग मीही. एक घार फिरत होती, बाकी काही नाही.

ते कुठून आलं, कुठं गेलं, मला आजवर उमगलेलं नाही. पण त्या वावराजवळून जाताना मी आधी वर बघतो.