सुरंगीची फुलदाणी

मी फारसं न बोलणारा माणूस. घरात तर नाहीच बोलत. म्हणून एक साधं वाक्य बोलायचं राहिलं, आणि इतकी वर्षं राहिलं की ते आता साधं उरलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी लालबागला एका गिरणीच्या सुतारखात्यात बॉबिनी कातायचो. चैत्रात चाळीमागच्या मैदानात सभा घ्यायचं ठरलं. येणाऱ्या पुढाऱ्याला हार-नारळापेक्षा वेगळं काही द्यावं असं चाळीच्या मंडळात निघालं, आणि न बोलणारा मी नेमका तिथे बोललो. "फुलदाणी करतो. आजवर कुणी कातलं नसेल अशा लाकडाची."

"बायकोला विचारलंस का रे आधी?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

त्यात खोटं काही नव्हतं. गिरणीच्या लेथवर खासगी काम चालत नसे. घरी गॅलरीत वडिलांचा जुना हातलेथ होता. त्यावर लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा. एकाने दोरीची टोकं आलटून पालटून ओढायची आणि दुसऱ्याने पटाशी धरायची. दोरी ओढायची ती बायको. तिचा हात इतका सारखा चालायचा की मी डोळे मिटून लाटणी कातावीत.

शिमग्याला गावी गेलो. देवराईतलं सुरंगीचं झाड माघातल्या वाऱ्यात उन्मळून पडलं होतं. देवराईतलं पडलेलं लाकूडही देवाचा कौल घेतल्याशिवाय उचलत नाहीत. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

डावी पडली.

काका म्हणाले, "पडांदे. पुढल्या शिमग्याक परत इचारू."

पुढल्या शिमग्याला! माझी सभा महिन्यावर आलेली. सगळा गाव पालखीमागे गेला तेव्हा मी करवत घेऊन देवराईत गेलो, एक ओंडका कापला, गोणपाटात गुंडाळला आणि मुंबईची बोट पकडली.

दारात पाऊल टाकलं तोच बायकोने विचारलं, "कौल झालो?"

"उजवा."

एवढ्यावर ती खूश. सुरंगीच्या फुलांचा वळेसर केसांत माळायची तिला भारी हौस, लाकूड नाकाशी धरून म्हणाली, "वास खंय गेलो?" फुलाचा वास लाकडाला नसतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

मग सुरू झाला छळ. लाकूड ओलं. पटाशी लावली की भुसा उडण्याऐवजी लगदा निघायचा. बाहेरचा घाट कसाबसा साधला, पण फुलदाणी आतून पोखरायची असते, आणि मी जन्मभर कातलं ते सगळं बाहेरूनच. बूड लाखेने ठोकळ्याला चिकटवलं, ते निसटलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा निसटलं. येणारा-जाणारा गॅलरीत थबकायचा. "काय मिस्त्री, फुलदाणी की उखळ?" मी दात आवळून काम करायचो, आणि राग काढायला समोर एकच माणूस होतं. हळू ओढ. अगं, ओढ की! ती निमूट वेग बदलायची.

सभेच्या आदल्या संध्याकाळी तोंड जवळजवळ पोखरून झालं होतं. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. काठापासून गळ्याखालपर्यंत चीर गेली, बोट शिरेल एवढी.

"झटका दिलास!" मी किंचाळलो.

"मी खंय झटको दिलंय?"

"मग लाकूड आपोआप फुटलं? हातच वाईट तुझा!"

गॅलरीत चार दारं उघडी होती. मंडळात विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, घरच्यांनी दोरी चुकवली. पुढाऱ्याला हार-नारळच दिला. फुलदाणी बंबात गेली.

दोरी चुकली नव्हती. ओलं लाकूड वाळताना फाटतं, हे सुतारखात्यातला झाडूवालाही सांगेल. काकांचं ऐकून वर्षभर थांबलो असतो तर लाकूड वाळलं असतं. मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

पण खरी गोष्ट लोणच्याची. बायकोच्या हाताला गुण आहे असं सगळी चाळ मानायची. तिने मीठ घातलेलं लोणचं नासत नाही म्हणून वैशाखात बरण्या आमच्या दाराशी यायच्या. त्या वैशाखात शेजारच्या मावशी बरणी घेऊन आल्या, तर ही म्हणाली, "माझ्या हाताचा नको, मावशी. माझो हात वायट." मी आत पेपर वाचत होतो. पेपर खाली घेतला नाही. पुढे बरण्या यायच्या बंद झाल्या. आमच्या घरात लोणचं दुकानातून येऊ लागलं, आणि ते मी इतकी वर्षं खाल्लं.

यंदा कैऱ्या बघून तिने नुसतं तोंड फिरवलं, आणि माझ्याच्याने राहवेना. सांगून टाकलं सगळं. डावा कौल, ओलं लाकूड, सगळं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवाचा तुमी आणि देव बघून घेवा. माझ्या हाताचा काय?"

"चुकलं माझं."

"माका काय सांगतास? चार दारांत बोललास ना? मावशींक जावन सांगा."

गेलो. मावशी आता थकल्यात, कानांनी अधू. मी दारात उभा राहून पुटपुटलो.

"काय? मोठ्यान् बोल रे!"

"फुलदाणी माझ्यामुळे फुटली!"

"कोण फुटलं?"

"फुलदाणी! हिचा हात चांगला होता! मी खोटं बोललो!" गॅलरीतली दारं एकेक करून उघडली. बोलणं ज्याला जमत नाही त्याला ओरडावं लागलं.

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे हाक मारली, "अगो, मग बरणी पाठवू काय?"

बायको उंबऱ्यातच उभी होती.

"धुतलास काय ती?" तिने विचारलं.

"आत्ताच धुतलंय!"

"मग आधी उन्हात ठेवा. ओल्या बरणीक मी हात लावूचंय नाय."