मोहळाच्या फ्रेमा आणि खिळ्यांच्या बंदुका

हातोडीनं काम करणाऱ्या माणसाची माझ्या दिराला कीव येते. तो बेळगावला सोफ्यांच्या कारखान्यात आहे. दिवाळीला आमच्या गावी, गुंदला आला की पहिला दिवस आमची कीव करण्यात जातो. न्हाणीची चूल बघून मान हलवायची, मोबाईल वर धरून रेंज शोधत अंगणभर फिरायचं आणि मग 'तुमी हितं कसं ऱ्हाताय' म्हणून आमच्याच ताटातले पोहे खायचे. त्या वर्षी त्याची नजर पडवीत बसलेल्या आम्हां नवराबायकोवर गेली. आम्ही मधपेट्यांच्या फ्रेमा ठोकत होतो.

फ्रेम म्हणजे चार पट्ट्यांची लाकडी चौकट. अशा चौकटी पेटीत ओळीनं टांगतात आणि माशा त्यांत पोळं बांधतात. पट्ट्या रामनगरचा सुतार कापून द्यायचा, जोडायचं काम आमचं. गावातल्या बऱ्याच जणांनी पेट्या मागितल्या होत्या, आणि खिळे ठोकून ठोकून माझं मनगट सुजलं होतं.

"वैनी, आजून हातोडीच व्हय?" दीर म्हणाला. "कारखान्यात आमी हातोडी इसरलो."

"कारखान्यात मोहळं हायत का, भावजी?"

त्यानं ते मनावर घेतलं नाही. मनावर घेणं त्याच्या स्वभावातच नाही. पुढच्या खेपेला तो करंटवर चालणारी खिळ्यांची बंदूक घेऊन आला. खाटेवर बसला, एका हातात चहाचा कप धरला आणि दुसऱ्या हातानं टक् टक् करत दुपारभरात फ्रेमांचा ढीग लावला. चहाही सांडला नाही, हे कौतुक त्यानं स्वतःच करून घेतलं. सगळे खिळे त्यानं वरूनच मारले होते. मी म्हटलं, "बाजूनंबी एकेक घाला. भरलेली फ्रेम उचलताना सगळं वजन वरच्या पट्टीला लोंबतंय. नुस्ते वरचे खिळे उपसून येत्यात."

"वैनी, आमच्या सोफ्यावर शंभर-शंभर किलोची माणसं बसत्यात."

"बसत्यात. सोफ्याला खालनं लोंबकळत न्हाईत."

तो हसला. मी हातोडी घेऊन उठेपर्यंत, गावात बंदूक मिरवायची म्हणून, त्यातल्या काही फ्रेमा तो आमच्या शेजारणीच्या पेटीत, ती घरी नसताना, घालूनही आला होता.

ही शेजारीण सुपारीच्या बागेपलीकडे राहते. वयानं मोठी, मी तिला आक्का म्हणते. त्या पेटीतलं मोहोळ तिनं स्वतः धरलं होतं. बांधाजवळच्या पोखरलेल्या झाडात हात घालून, राणीसकट, डंख खात. पेटीतल्या माशांशी ती सुनेशी बोलावं तशी कडक बोलायची आणि कुणी पेटीजवळ फिरकलं की हाकलायची.

चैत्रात मध बघायला तिनं मला बोलावलं. झाकण काढलं तर फ्रेमा गच्च भरलेल्या, वर पांढरं मेण. मी मधल्या फ्रेमची पट्टी दोन्ही बाजूंनी धरली आणि उचलली. पट्टी आली. बाकी काहीच आलं नाही. पोळं तुटून खाली पडलं, शेजारची दोन पोळी त्यानं चेपली आणि पेटीच्या तळाला मध, मेण आणि माशा यांचा लगदा झाला. माझ्या हातात नुसती काठी, तिला दिराच्या कारखान्याचे दोन चकचकीत खिळे लोंबत होते.

आक्का ओरडली नाही. ती म्हणाली, "राणी बघ, राणी खाली हाय का?"

आम्ही दोघींनी बोटांनी लगदा उपसला. राणी दिसली नाही. दोन-तीन दिवसांत उरलेल्या माशाही उठून गेल्या. नंतर बागेतून जाताना आक्का माझ्याकडे बघायची आणि पुढं निघून जायची.

मी दिराला फोन केला. तो म्हणाला, "लाकूड वलं आसंल."

"लाकूड वर्षभर वाळलंय."

"मग माशाच जड आसतील."

मी फोन ठेवला. त्या माणसाशी बोलण्यापेक्षा म्हशीशी बोलावं, ती निदान कान हलवते.

त्याच्या राहिलेल्या सगळ्या फ्रेमांना मी बाजूचे खिळे घातले आणि मनगट पुन्हा सुजवून घेतलं. तेव्हा ठरवलं, बंदूक हवीच, पण मी निवडलेली. आधी मोबाईलवर बंदुकांचे व्हिडिओ बघितले. एकजात हातमोजे घातलेले बाप्ये, मागं वाजंत्री, समोर फळी. फळीत खिळा गेला की यांना धन्य वाटायचं. जाड फळीत खिळा कुणाचाही जातो. आमच्या बाजूच्या पट्टीचं टोक बोटाएवढं पातळ, तिथं खिळा गेल्यावर लाकूड फाटतं का, हे एकानंही दाखवलं नाही.

म्हणून पिशवीभर पट्ट्या घेतल्या, यजमानांना घेतलं आणि बसनं रामनगर गाठलं. रस्त्याकडेच्या एका नव्या हत्यारांच्या दुकानात प्रश्न मी विचारायची आणि दुकानदार उत्तर यजमानांना द्यायचा. माझे यजमान मुळात कमी बोलणारे. ते समोरच्या ट्रककडे बघत राहिले, तरी दुकानदार त्यांच्या पाठीलाच समजावत होता.

पहिली बंदूक त्यानं सगळ्यात महागाची काढली. "हिची ताकद बघा," म्हणून चाप ओढला, तो सरळ हवेत. खिळा सणसणत जाऊन रंगाच्या डब्यात घुसला आणि निळा रंग गळू लागला. ज्याची लाज वाटावी ते त्यानं कौतुकानं दाखवलं. टोक लाकडावर दाबल्याशिवाय सुटणारी बंदूक मला घरात नको होती. आमच्या पडवीत माणसं येतात, जातात.

दुसरी वायरची. मी तिचा खिळा पातळ टोकात मारला आणि पट्टी उभी चिरली.

"लाकूड खराब हाय," दुकानदार यजमानांच्या पाठीला म्हणाला.

"माझ्या दिराचे कोण लागता तुमी?" मी विचारलं. त्याला कळलं नाही. शिवाय वायरवाली मला नकोच होती. गुंदला वारा सुटला की करंट जातो, आणि असतो तेव्हाही बल्ब निखाऱ्यासारखा जळतो. तेवढ्या करंटवर खिळा अर्धाच आत जायचा. दिराला त्या दुपारी नशिबानं पुरा करंट मिळाला होता.

तिसरी कोपऱ्यात धूळ खात होती. बॅटरीवर चालणारी, लहान, खिळा किती खोल जावा ते ठरवायचं चाक असलेली. दुकानदार म्हणाला, "ती बायकांच्या हातची."

"म्हणूनच द्या."

हवेत चाप ओढून बघितला, सुटली नाही. पातळ टोकाला चाक कमी करून मारला, लाकूड फाटलं नाही. खिळ्याला बारीक माथा होता, तो पट्टीत बसला. मी तिथंच फ्रेम जोडली, वरून आणि बाजूनं. मग यजमानांनी ट्रककडचं लक्ष काढलं, दुकानातली खिळ्यांची गोणी उचलली आणि माझ्या फ्रेमच्या खालच्या पट्टीला दोरीनं टांगली. फ्रेमची दोन टोकं आम्ही दोघांनी धरली. गोणी लोंबली, फ्रेम हलली नाही.

"घ्या," यजमान म्हणाले. दिवसभरात त्यांचा तो पहिला शब्द. दुकानदारानं तो लगेच ऐकला.

बंदूक चांगली निघाली. एकदा पावसाळ्यात अडकली, टोक उघडून वाकडा खिळा काढला, पुन्हा चालू लागली. माझ्या मनगटाची सूज उतरली.

माशांचे थवे उठून मोहळं सुटायच्या दिवसांत मी एक पकडून टोपलीत झाकलं आणि टोपली न् रिकामी पेटी घेऊन आक्काकडं गेले. ती दारातच उभी राहिली.

"ह्ये कुणी ठोकलंय?"

"मी."

तिनं पेटीतली रिकामी फ्रेम उपसली, एक पाय खालच्या पट्टीवर ठेवला आणि वरची पट्टी दोन्ही हातांनी खेचली. चेहरा लाल होईपर्यंत खेचली. मग दुसरी घेतली, तीही तशीच. सगळ्या फ्रेमांशी तिची झोंबाझोंबी होईपर्यंत मी उन्हात पेटी धरून उभी होते.

"ठेव तकडं झाडाखाली," ती शेवटी म्हणाली. "आन् तुझ्या दिराला ह्या वाटंनं पाठवू नगंस."

या दिवाळीला तो आला. नवी बंदूक बघितली आणि बाहेर बसलेल्या पाहुण्यांना म्हणाला, "मीच आणायला लावली. न्हाईतर वैनी आजून हातोडीच मारत बसली आसती."

यजमानांनी बंदूक त्याच्या हातातून काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. मी त्याला पोह्यांचं ताट दिलं.